पाडवा ते मृग: मराठी वाचनाला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

परीक्षा संपत आल्या, पाडव्याच्या आधी घरं आवरायला काढली, की आमच्या दुकानात एक प्रश्न रोज येतो. "काका, वाचायला सुरुवात करायचीय, एखादं चांगलं पुस्तक द्या ना." विचारणारे सगळ्या वयांचे असतात. बँकेतून निवृत्त झालेल्या ताई असतात, इंग्रजी माध्यमात शिकून नोकरीला लागलेला आणि आता मराठी नीट वाचायचं मनावर घेतलेला मुलगा असतो, सुट्टीत पोरांच्या हातातला मोबाइल कसा सोडवायचा या विवंचनेतली आई असते. दुकान तालुक्याच्या गावात आहे, छोटं आहे, पण उभं राहून पुस्तक चाळायला कुणाला मनाई नाही. तिथे एकेकाला सुटं सुटं जे सांगतो, ते इथे सलग मांडतो आहे.

मुदत पाडव्यापासून मृगापर्यंतची धरली आहे, म्हणजे साधारण अडीच महिन्यांची. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो, शाळांची गडबड सुरू होते, शेतावर पेरणीची घाई असते. त्याआधीचा हा काळ नव्या वाचकाला सोयीचा. निवडीचं माझं सूत्र एकच: वसंतातलं पहिलं पुस्तक असं घ्या, जे मिटल्यावर तुम्ही उठून बाहेर जाल आणि दारातलं झाड बघाल. आज वाचलेलं उद्या डोळ्यांना दिसलं की माणूस पुढचं प्रकरण आपसूक उघडतो. गाजलेल्या जाडजूड कादंबऱ्या कुठे पळून जात नाहीत, त्या पावसाळ्यात वाचा.

आधी वेळ ठरवा

एप्रिल-मेच्या दुपारी वाचायला बसू नका. जेवण झालेलं असतं, उकाडा असतो, दहा ओळींत डोळा लागतो आणि उगाच वाटतं, की आपल्याला वाचन जमत नाही. सकाळी चहाबरोबर किंवा दिवेलागणीनंतर ओट्यावर, गच्चीवर, जिथे वारा असेल तिथे बसा. वीस मिनिटं पुरेत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. किती पानं झाली याचा हिशोब ठेवू नका.

पहिलं पुस्तक: ‘ऋतुचक्र’

दुर्गा भागवतांचं हे पुस्तक १९५६ सालचं. चैत्रापासून सुरू होऊन महिन्यामहिन्याने पुढे सरकणारे ललित लेख त्यात आहेत. झाडं, पाखरं, आभाळ, हवा, सणवार आणि त्यांच्याकडे बारकाईने बघणारी एक बाई. त्यातला चैत्रावरचा लेख, ‘वसंतहृदय चैत्र’, दहावीच्या कुमारभारतीत होता, त्यामुळे कित्येकांनी तो परीक्षेपुरता वाचलेला असतो. स्वाध्याय आणि गुणांची धास्ती नसताना तोच लेख पुन्हा वाचा, वेगळाच लागतो.

तो कसा वाचायचा तेही सांगतो. पहिल्या बैठकीत फक्त चैत्राचा लेख घ्या आणि मोठ्याने वाचा. दुर्गाबाईंची वाक्यं कानाने लवकर कळतात. काही शब्द संस्कृतातले आहेत, अडखळायला होईल, पण दर शब्दाला कोश उघडू नका. पुढच्या दोन वाक्यांत अर्थ बहुतेक उलगडतो. मग हातात पेन्सिल घेऊन लेख पुन्हा वाचा आणि झाडाफुलांच्या नावांखाली रेघ मारा. पिंपळ, करंज, घाणेरी अशी नावं भेटतील. पुस्तकात रेघ मारायला जीव होत नसेल तर वहीत लिहा.

त्यानंतरचा आठवडा पुस्तक बाजूला ठेवा आणि ही झाडं शोधा. लांब जावं लागत नाही. पिंपळ एखाद्या पाराशी, देवळाच्या भिंतीत किंवा जुन्या इमारतीच्या पाइपाशी उगवलेला असतोच. त्याची नवी पानं हिरवी नसतात. ती तांबूस-गुलाबी असतात, तेलाचा हात फिरवल्यासारखी चकाकतात आणि इतकी पातळ असतात, की उन्हाकडे धरली तर शिरान् शिर दिसते. टोकाची ती लांब शेपटी वाऱ्याशिवायही हलते. काही दिवसांत ती पोपटी होतात, मग गर्द. एकाच फांदीवर तिन्ही रंग एका वेळी सापडतात. करंज रस्त्याकडेला लावलेला असतो. त्याची फुलं बारीक, पांढरट-जांभळी, खाली सडा पडला की आधी पायाला कळतं आणि मग आपण वर बघतो. कडुनिंबाचा मोहोर संध्याकाळी वासावरून ओळखावा. आणि घाणेरी तर कुंपणाला, रेल्वेरुळांच्या कडेला कुठेही असते. तिच्या एकाच गुच्छात दोन-दोन रंग असतात, हे बहुतेकांनी कधी बघितलेलं नसतं.

आठवड्याने चैत्राचा लेख तिसऱ्यांदा वाचा. तुम्ही पाहिलेलं झाड आणि बाईंनी पाहिलेलं झाड यांत फरक दिसेल. तुमच्या गावात करंज आधी फुललेला असेल, नाहीतर पिंपळाला अजून जुनीच पानं असतील. तो फरक वहीत नोंदवा. एक शिक्षिका दर वर्षी आपल्या शाळेच्या आवारातल्या झाडांच्या अशा नोंदी करतात. त्यांची वही बघायला मिळाली तेव्हा मला हे पुस्तक नव्याने कळलं.

वैशाखाचा लेख वैशाखातच वाचायचा, ज्येष्ठाचा ज्येष्ठात. हे पथ्य मी आग्रहाने सांगतो. नव्या वाचकाला सगळं पुस्तक चार दिवसांत संपवून मोकळं व्हायचं असतं. ‘ऋतुचक्र’ तसं संपवलं तर हाती फार थोडं लागतं. ते वर्षभर उशाशी राहू द्या आणि दरम्यान दुसरी पुस्तकं वाचा.

या लेखिकेबद्दल एवढं माहीत असू द्या: त्या लोकसाहित्याच्या मोठ्या अभ्यासक होत्या. ‘पैस’ या त्यांच्या लेखसंग्रहाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या. पुढे त्यांना अटकही झाली. पिंपळाच्या पानाकडे असं बघणारी आणि सत्तेपुढे तसं बोलणारी बाई एकच होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

झाडापाखरांची गोडी लागली तर

मग दोन वाटा आहेत. पहिली डॉ. शरदिनी डहाणूकरांची. पेशाने डॉक्टर, औषधांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांचं ‘फुलवा’ हातात घ्या. शहरात, चाळीत, सोसायटीत राहणाऱ्यांना हे पुस्तक जास्त जवळचं वाटेल, कारण त्यातली बरीच झाडं रोजच्या रस्त्यावरची आहेत. एकेक लेख सुटा वाचता येतो.

दुसरी वाट मारुती चितमपल्लींची. त्यांचा जन्म १९३२ चा, सोलापूरचा. वनखात्यात नोकरी, नवेगावबांध आणि मेळघाटच्या जंगलांत उमेदीची वर्षं गेली. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी ‘रानवाटा’ देतो. भाषा साधी, वाक्यं आखूड, आणि जंगलात राहणाऱ्या माणसांकडून शिकलेल्या गोष्टी कुणाकडून शिकलो ते सांगत लिहिलेल्या. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मेमध्ये ताडोबाला, नागझिऱ्याला जाणार असाल तर हे पुस्तक बॅगेत टाकाच. वाघ दिसेल न दिसेल, जंगल दिसायला लागेल. ‘चकवाचांदण’ हे त्यांचं आत्मचरित्र मोठं आहे, ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

गोष्ट हवी असेल तर

काहींना लेख रुचत नाहीत, गोष्टच लागते. त्यात गैर काही नाही. त्यांना मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ देतो. १९५५ सालची, दीडशेच्या आसपास पानांची कादंबरी. औंध संस्थानाच्या काळात एक तरणा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. पोरं मेंढरांमागे, शाळा ओस, आणि मास्तरला वाडीची रीतभात ठाऊक नाही. म्हाताऱ्या कारभाऱ्याचा विश्वास संपादण्यापासून वाडीत तालीम उभी राहण्यापर्यंत सगळं सावकाश घडतं. शेवटी दुष्काळ येतो.

ही कादंबरी उन्हाळ्यात वाचा असं म्हणतो त्याला कारण हा दुष्काळ. बाहेर विहिरी तळाला गेलेल्या, टँकर सुरू झालेले, आणि पुस्तकात माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन वाडी सोडताहेत. पाऊस कोसळत असताना ही शेवटची प्रकरणं वाचली तर समजतात. उन्हाळ्यात वाचली तर घशाला कोरड पडते. माडगूळकर कुठेही गळा काढत नाहीत, माणसं आणि जनावरं जशी दिसतात तशी लिहितात. नव्या वाचकाने चांगलं गद्य कसं असतं हे इथे शिकावं. एक प्रयोग करा: कोणतंही एक पान घ्या आणि त्यातली विशेषणं मोजा. फार थोडी सापडतील.

ही आवडली, की त्यांचीच ‘माणदेशी माणसं’ घ्या, म्हणजे सुटी सुटी व्यक्तिचित्रं. ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांवरची छोटी कादंबरी, १९८३ ची साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त. ती मात्र जरा सवय झाल्यावर वाचा.

ज्यांच्या मनात सुट्टी म्हणजे आजोळ असं समीकरण आहे, त्यांनी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ वाचावं. १९९४ मध्ये आलेला कथासंग्रह. लंपन नावाचा शाळकरी मुलगा, आजी-आजोबांकडे राहणारा, सीमाभागातली कानडी वळणाची मराठी बोलणारा. सुरुवातीची काही पानं ही भाषा अडखळवते. दहा पानं नेटाने वाचा, मग तोंडात बसते, इतकी की घरात कुणीतरी तसं बोलायला लागतं. पुढची पुस्तकं ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. याच क्रमाने वाचा, कारण लंपन मोठा होत जातो.

कविता, रोज एक

कवितेचं नाव काढलं की लोक पुढच्या रॅककडे सरकतात. शाळेतलं रसग्रहण आठवत असावं. त्यांना मी ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ उघडून देतो. १९६७ चा संग्रह. अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेडचा हा शेतकरी कवी २०२३ मध्ये गेला. या कवितांना चाल लावावी लागत नाही, ती आतूनच येते. सकाळी एक कविता वाचा, अर्थ काढायच्या फंदात पडू नका आणि दिवसभरात एखादी ओळ आपोआप आठवते का ते बघा. नाही आठवली तर उद्या दुसरी.

त्याच मुलखातले बालकवी, जन्म धरणगावचा. ५ मे १९१८ रोजी, अठ्ठाविसाव्या वर्षी, जळगावजवळ भादली स्टेशनवर रेल्वे अपघातात गेले. त्यांच्या निसर्गकविता सगळ्यांना शाळेतून ठाऊक आहेत, पण त्यांच्या उदास कविता फार कमी जणांनी वाचलेल्या असतात. त्यांची समग्र कविता एका पुस्तकात मिळते. मेच्या पहिल्या आठवड्यात ते पुस्तक चाळा आणि न ऐकलेल्या कविता शोधा.

मे महिन्यासाठी एक मोठं पुस्तक

दोन-तीन पातळ पुस्तकं झाली, की हात मोठ्या पुस्तकाकडे जातो. जाऊ द्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३४ ते १९३६ दरम्यान चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र आजही हसवतं आणि मध्येच असं काही सांगून जातं, की पुस्तक मांडीवर उपडं ठेवावं लागतं. नवऱ्याने, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईने त्यानंतरची फरपट आणि स्वतःचं बदलत जाणं घरगुती बोलीत, कुणावरही डूख न धरता सांगितलं आहे. विकत घेताना संपूर्ण आवृत्ती मागा. संक्षिप्तही निघालेली आहे, आणि नकळत तीच घरी येते.

महाभारताची ओढ असेल तर इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. एकेका व्यक्तिरेखेवर एकेक लेख आहे, पूजा न करता आणि टिंगलही न करता केलेला विचार आहे. घरात वाद होतील, होऊ द्या.

अलीकडचं काही हवं असेल तर कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला आहे. धरणामुळे उठलेलं गाव, विस्थापित माणसं आणि मागे राहिलेलं जनावर. बोली दाट आहे, पहिल्या पुस्तकासाठी ती देणार नाही. पण ‘बनगरवाडी’ वाचून झालेल्याने ही जरूर घ्यावी. एका पुस्तकात दुष्काळाने वाडी उठते, दुसऱ्यात पाण्याने गाव उठतं. ही दोन्ही एकामागून एक वाचलेले वाचक दुकानात येऊन तासतासभर बोलत बसतात.

पोरांसाठी

इथे एकच गोष्ट पाळा: पुस्तक मुलाला निवडू द्या. तुम्हाला लहानपणी जे आवडलं तेच त्याला आवडावं हा हट्ट सोडा. त्याच्यासमोर चार पुस्तकं ठेवा आणि पाच मिनिटं बाजूला व्हा.

नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि यशच्या गोष्टी. चित्रंही त्यांचीच, आणि चित्रांतली घरं आपल्या घरांसारखी असतात: स्टूल, पातेली, खुंटीला टांगलेली पिशवी. मूल चित्रात शोधत बसतं, तेव्हा घाई करू नका, तेही वाचनच आहे. दहा-बारा वर्षांच्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून अजूनही पोरांना पळवत नेतो. पैशांची अडचण असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे, १९७१ पासून निघणारं. त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. एखादा छापून घ्या आणि पोरांच्या हातात कागदावर द्या, पडद्यावर नको.

रोज रात्री दहा मिनिटं तुम्ही मुलांना वाचून दाखवा. मूल मोठं झालं असलं तरीही.

विकत घेताना काय बघायचं

प्रत हातात घेतली की मुखपृष्ठावरून थेट श्रेयपानावर जा. म्हणजे शीर्षकाच्या पानामागचं पान, जिथे प्रकाशक, हक्क, आवृत्ती आणि किंमत असते. तिथे प्रथमावृत्तीचं साल आणि सध्याच्या आवृत्तीचं साल बघा. ‘पुनर्मुद्रण’ असेल तर मजकूर बहुधा जसाच्या तसा असतो. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर काय बदललं ते प्रस्तावनेत शोधा. आपल्याकडे नुसतं ‘आवृत्ती’ हा शब्द सैलपणे वापरतात, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका.

मग पुस्तक मधोमध उघडा. बांधणी शिवलेली असेल तर ते सपाट पसरतं. नुसती चिकटवलेली असेल तर कण्याकडे करकर आवाज येतो आणि दोन उन्हाळ्यांत पानं सुटतात, कारण उष्णतेने डिंक कडक होतो. वर्षभर उघडायचं पुस्तक शिवलेल्या बांधणीत मिळालं तर चार पैसे जास्त द्या. त्यानंतर पृष्ठक्रमांक भराभर बघून घ्या. पुस्तक फर्म्यांमध्ये छापतात, सोळा पानांचा फर्मा नेहमीचा. बांधताना कधी एखादा फर्मा गळतो, दुबार लागतो किंवा उलटा बसतो. म्हणजे ४८ नंतर एकदम ६५, किंवा पुन्हा ३३. अशी प्रत दुकानदार बदलून देतो आणि प्रकाशक त्याला बदलून देतो, त्यात भीड बाळगू नका. पावती मात्र जपा.

चोरट्या प्रतींपासून सावध राहा. फुटपाथवर, सिग्नलला खूप खपणारी पुस्तकं अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात, त्यांतल्या कितीतरी चोरून छापलेल्या असतात. ओळखायची खूण सोपी आहे: कागदातून मागची अक्षरं दिसतात, छपाई काही पानांवर पुसट आणि काहींवर माखलेली, समास वाकडा, मुखपृष्ठाचा रंग उडालेला. त्या पुस्तकाचा एक रुपयाही लेखकाला जात नाही. जुनी, वापरलेली खरी प्रत घेणं वेगळं, त्यात काही वावगं नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हिंडलात तर नवी-जुनी दोन्ही मिळतात, फक्त शाळा उघडायच्या आठवड्यात तिकडे फिरकू नका.

सवलतीबद्दल स्पष्ट सांगतो. मोठ्या ऑनलाइन दुकानांएवढी सूट आमच्यासारख्या छोट्या विक्रेत्याला परवडत नाही, कारण प्रकाशकाकडून मिळणाऱ्या कमिशनमधूनच भाडं, वीज आणि वाहतूक निघायची असते. बदल्यात तुम्हाला पुस्तक उघडून बघता येतं आणि नाव आठवत नसलं तरी "ते निळ्या कव्हरचं, धनगरांचं" एवढ्यावर ते मिळतं. २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनाला, बहुतेक दुकानं थोडी सूट देतात. मोठी खरेदी त्या आठवड्यावर ढकला.

विकत घेणं शक्य नसेल तर वाचनालयात नाव घाला. महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी वाचनालयं आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. गावातलं वाचनालय लहान असलं तरी महिन्याची वर्गणी एका पुस्तकाच्या किमतीपेक्षा खूपच कमी असते. आणि मेमध्ये पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणार असाल तर वाटेवर भिलार आहे, मे २०१७ मध्ये सुरू झालेलं पुस्तकांचं गाव. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायचं, पैसे लागत नाहीत. मुलांना स्ट्रॉबेरीच्या निमित्ताने न्या, पण पुरेसा वेळ हातात ठेवून न्या. पुण्यात असाल तर एप्रिल-मेमधली वसंत व्याख्यानमाला चुकवू नका. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली ही परंपरा आहे. व्याख्यानात ऐकलेल्या विषयावरचं पुस्तक दुसऱ्या दिवशी मागायला लोक येतात, हे मी स्वतः बघितलं आहे.

महाराष्ट्राबाहेर, देशाबाहेर राहत असाल तर

बेंगळुरू, दिल्लीत कुरिअरने पुस्तकं आरामात पोचतात. परदेशी पाठवायची तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो, म्हणून मेमध्ये इकडे येणाऱ्या नातेवाइकांकडे यादी द्या आणि यादीत पातळ पुस्तकं आधी लिहा. ‘बनगरवाडी’, ‘वनवास’, ‘रानातल्या कविता’ मिळून बॅगेत फार जागा घेत नाहीत. तिकडच्या वसंतात पिंपळ-करंज दिसणार नाहीत. तरी ‘ऋतुचक्र’ न्या आणि तुमच्या रस्त्यावरच्या झाडांची तशीच वही करा. मुलांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, असं असेल तर पुरंदऱ्यांची चित्रपुस्तकं घ्या, मूल किती का मोठं असेना.

नाही आवडलं तर

चाळीस पानं वाचा. तरी मन लागत नसेल तर पुस्तक बंद करा आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण का नाही आवडलं हे एका वाक्यात सांगता यायला हवं: भाषा कठीण गेली, माणसं खरी वाटली नाहीत, फारच संथ होतं, फार दुःखी होतं. हे वाक्य घेऊन दुकानात या. पुढचं पुस्तक निवडायला मला "छान होतं" पेक्षा त्याचा कितीतरी जास्त उपयोग होतो. भाषा कठीण गेली असेल तर चितमपल्ली, संथ वाटलं असेल तर फास्टर फेणे मोठ्यांनीही वाचावा, दुःख नको असेल तर ‘वनवास’.

आणि हवं ते पुस्तक शिल्लक नसेल तर ऑर्डर द्या. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, माहीत असेल तर प्रकाशक आणि मागच्या बाजूचा तेरा आकडी आयएसबीएन, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. जुन्या पुस्तकांवर तो आकडा नसतो, तेव्हा प्रकाशकाचं नाव जास्त महत्त्वाचं. आपला फोन नंबर लिहायला विसरू नका. मेमध्ये माल यायला वेळ लागतो, कारण छापखाने शालेय पुस्तकांत गुंतलेले असतात, म्हणून मेच्या शेवटी लागणारं पुस्तक एप्रिलमध्येच सांगून ठेवा. प्रकाशकाकडेच ‘प्रत शिल्लक नाही’ असं कळलं तर विक्रेत्याला दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. पुष्कळ पुस्तकांचं पुनर्मुद्रण दिवाळीच्या तोंडावर निघतं आणि नावं लिहून ठेवलेल्यांना पहिल्या प्रती मिळतात.